छापण्याआधी वाचून दाखवणाऱ्या बाई

सुमतीबाई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या गौरवाच्या पुस्तकात माझं काय काम? मी दुसरीपर्यंत शिकलेली, घाटकोपरच्या बाजारात मासे विकणारी. पण माझी नात नलू म्हणाली, "आजी, तू नाही लिहिलंस तर बाईंची अर्धी गोष्ट राहूनच जाईल." म्हणून लिहिते.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच खोलीत. बी.ए. झाल्यावर नलूला पुढं शिकायचं होतं, पेपरात लिहिण्याचं, तेही पाणी, हवा, झाडं यांच्यावर. माझा मुलगा म्हणाला, "हवेवर लिहून पोट भरतं का गं?" तेव्हा तो अभ्यास शिकवणाऱ्या या बाई स्वतः विक्रोळीला आल्या. म्हणाल्या, "पोट भरेल की नाही, मलाही ठाऊक नाही. पण मुलगी चांगलं लिहील." गिऱ्हाइकाला असं खरं सांगणारं मी तरी कुणी पाहिलं नव्हतं! चहात साखर फार पडली होती, तोही त्यांनी निमूट संपवला.

दुसऱ्या वर्षी पेपरात छापून येईल असा एक मोठा लेख करायचा होता, त्यावरच पास-नापास. नलूनं आमचीच खाडी धरली. कारखान्यांचा नाला खाडीत येतो, बोयी माशाला रॉकेलचा वास येतो, असं सगळं. हे छापून आल्यावर मासे कोण घेणार? आणि वाडीतल्या बायका आम्हाला दारात उभं करतील? मी नलूच्या हातापाया पडले, दुसरं काहीतरी लिही म्हटलं. ती रडली, पण ऐकेना.

बाईंचा एक नियम होता. लेखानं ज्यांच्या पोटाला धक्का लागेल, त्यांना तो छापण्याआधी वाचून दाखवायचा. बाजार उठल्यावर दुपारी त्या आमच्या अंगणात येऊन बसल्या. बायका जमल्या. नलूनं वाचलं. माझे तर कान बंद झाले होते.

शेजारची जनी उठली. "आमच्या पोटावर पाय देते ही पोरगी! आणि बाई, तुम्ही कुठला मासा खाता?"

"मी मासे खात नाही."

"मग तुमचं काय जातंय!"

"माझं काहीच जात नाही," बाई म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला विचारायला आले. तुम्ही नको म्हणालात तर छापायचं नाही."

नलूचं तोंड पांढरं पडलं. दोन वर्षं गेली असती पोरीची. मग जनीच खाली बसली. "नाल्याचं परत वाच." नलूनं वाचलं. "हे आम्ही बोललो तर कोण ऐकतं? छाप. माझा फोटो घाल, माशांच्या पाटीसकट. पण तो वास आमच्या हाताचा नाही, हे मोठ्या अक्षरात लिही, काय!"

बायका गेल्यावर मी बाईंना चहा दिला. त्यांनी पदर घट्ट लपेटून कपबशी दोन्ही हातांत धरली.

"बाई, थंडी वाजते का?"

"नाही हो आजी. मघापासून भीती वाटत होती."

लेख आला. पुढं कितीतरी दिवस आमच्या पाट्या भरलेल्याच परत यायच्या. दोन अनोळखी माणसं नलूची चौकशी करून गेली, तेव्हा बाईंनी तिला आठवडाभर आपल्या घरी ठेवून घेतलं. नलू पास झाली. आता एका साप्ताहिकात आहे, तिचं नाव छापून येतं, मी बाजारभर दाखवत फिरते! नाला अजून वाहतोच आहे.

परवा ती साकीनाक्याला गेली होती, तिथल्या धुराचं लिहायला. ती अशी कुठं गेली की परत येईपर्यंत मी जेवत नाही. घरी आली की ती खालच्या दुकानातून बाईंना फोन करते. बाई आधी विचारतात, "आजी जेवल्या का?" त्यांना कसं कळतं, याचं मला नवल वाटायचं. मग नलूनं सांगितलं, तिचा फोन येईपर्यंत बाईही जेवत नाहीत.

बाई, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत. पोरी काही थांबायच्या नाहीत. आपण दोघी मात्र आता वेळेवर जेवत जाऊ.