कवळीवाल्या काकू आणि शेवटची पुरवणी

दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिथे काकू कवळ्या करतात. पुढे डॉक्टर माप घेतो, मागे काकू प्लास्टरचा साचा ओततात, गुलाबी मेणात एकेक दात बसवतात आणि शेवटी फिरत्या चाकावर घासून कवळी अशी चकचकीत करतात, की ज्याची असेल त्याने हसावंच. काकूंचं तोंडही त्या चाकासारखंच आहे, एकदा सुरू झालं की थांबत नाही. डॉक्टर काकूंच्या मुलाच्या वयाचा, त्यामुळे त्याला 'अरे डॉक्टर' म्हणतात, आणि तोही निमूट ऐकून घेतो.

अशी बाई सुट्टीच्या दिवशी काय करत असेल? विणकाम, झोप, शेजारणींशी गप्पा, असं वाटेल कुणालाही. काकू व्हिडिओ गेम खेळतात. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

झालं असं, की काकूंच्या लेकीचा संसार मोडला. भांडणं नाहीत, आदळआपट नाही. दोघंही चांगली होती, फक्त एकमेकांना बसली नाहीत. काकू आपल्या भाषेत सांगायच्या, "चावा जुळला नाही, बाई. दात दोन्हीकडचे उत्तम." लेक दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. घरातल्या सामानाची वाटणी झाली, आणि त्यात हे खेळाचं यंत्र उरलं. ती म्हणाली त्याला दे, तो म्हणाला तिला दे. शेवटी काकू वैतागून म्हणाल्या, "आणा इकडे."

काही दिवसांनी जावई काकूंच्या घराची जास्तीची किल्ली परत द्यायला आला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, हाताला कायम ग्रीस, बोलणं बेताचं. पाहतो तर काकू सोफ्यावर बसून टीव्हीवर डोळे वटारतायत आणि पडद्यावर घरं नदीत पडतायत.

"रिमोट उलटा धरलाय," तो म्हणाला.

तो सुलटा करून द्यायला म्हणून बसला, तो उठला दिवे लागल्यावर. किल्ली त्याच्याच खिशात राहिली. पुढे ती कुणी मागितली नाही.

गाव वसवायचा खेळ तो. नदीकाठी मोकळी जमीन मिळते, तिथे रस्ते काढायचे, घरं बांधायची, माणसं राहायला आणायची. तो रस्ते काढायचा, काकू घरं बांधायच्या. काकू दर कोपऱ्यावर दवाखाना टाकायच्या. तो दुमजली घरालासुद्धा लिफ्ट लावायचा. यावरून जी काय जुंपायची, ती शेजाऱ्यांनासुद्धा ऐकू जायची.

एक मात्र झालं. लग्न होतं तोवर तो त्यांना 'आई' म्हणायचा. कागदांवर सह्या झाल्यावर तो काहीच म्हणेनासा झाला. "अहो, ऐकलं का," एवढंच. काकूंनीही 'जावईबापू' सोडलं आणि त्याला 'भिडू' म्हणू लागल्या. खेळातल्या जोडीदाराला दुसरं काय म्हणणार?

आता पुरवण्यांचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलंय. हा खेळ विकत घेतला म्हणजे संपलं, असं नसतं. कंपनी दर काही महिन्यांनी त्याला नवा तुकडा काढते. तो वेगळा विकत घ्यायचा आणि इंटरनेटवरून उतरवायचा. खेळणारी पोरं त्याला डीएलसी म्हणतात. काकू पुरवणी म्हणतात, परीक्षेत उत्तरपत्रिकेला जोडतात ना, तशी. आधी बंदराची पुरवणी आली, मग ट्रामची, मग प्राणिसंग्रहालयाची. मग पुलांची आली, तेव्हा काकूंचं डोकंच फिरलं.

"नदी आधी दिली आणि पूल आता विकतायत. इतके दिवस माणसं काय पोहत जात होती?"

फोनवर खेळाडूंचा एक गट होता, तिथे तर रोजच शिमगा. "पायजमा विकतात आणि नाडी वेगळी," असं एकाने लिहिलं. "हे म्हणजे मारुतीचं शेपूट झालं," असं काकूंनी लिहिलं आणि त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले. शिव्या देणाऱ्यांत काकू पहिल्या नंबरावर. पण पुरवणी आली रे आली, की काकू लगेच भिडूला फोन लावायच्या. "मेल्यांनी नवीन काढलंय. मला काही उतरवता येत नाही बाबा. रविवारी बघून जा."

आणि रविवारी तो यायचा. हात धुवायचा, रिमोट घ्यायचा, गंभीर चेहऱ्याने इकडेतिकडे बटणं दाबायचा. मग चहा, मग खेळ, मग भांडण. एका पुरवणीवर त्यांचे कितीतरी रविवार निघायचे.

लेक फोनवर विचारायची, "आई, तो अजून येतो? माझी हरकत नाही गं. पण का येतो?"

"नवीन भाग उतरवायचा असतो ना. मला जमत नाही."

हे साफ खोटं होतं. जी बाई डोळ्याला भिंग लावून केसाएवढी फट शोधते, तिला एक बटण दाबता येणार नाही? काकू पहिल्याच पुरवणीच्या वेळी त्याच्या मागे उभं राहून सगळं शिकल्या होत्या. पण मेलेल्या नात्याच्या माणसाला घरी कशाला बोलवायचं, याला जगात कारण लागतं. ते कारण कंपनी पुरवत होती.

दवाखान्यात एक घड्याळवाले आजोबा येतात. काकूंनी केलेली त्यांची कवळी अगदी झकास बसलीय. तरी आजोबा अधूनमधून येतात आणि म्हणतात, "इथे जरा खुपतंय." काकू दाब पडेल तिथे डाग उमटवणारा निळा कागद चावायला देतात, बघतात, कुठेच काही नसतं. मग कवळी आत नेतात, चाक नुसतं घरघरवतात, कवळी धुऊन परत देतात. आजोबा घालून बघतात आणि म्हणतात, "हां, आता कसं." मग तास-दीड तास बसून गप्पा मारून जातात. ताकाला जाऊन भांडं लपवणं काय असतं, हे काकूंना कुणी शिकवायला नको.

आणि एके दिवशी कंपनीने जाहीर केलं, की पुढची पुरवणी शेवटची. डोंगर आणि त्यावर जायला रोपवे. त्यानंतर खेळ पूर्ण झाला, इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार.

काकूंनी हे कामाच्या टेबलावर वाचलं. गटात "सुटलो एकदाचे" असा एकच गलका चालला होता. काकूंनी काही लिहिलं नाही. मेण गरम केलं आणि दात बसवायला घेतले. दुपारी डॉक्टर आत आला आणि बराच वेळ साचा बघत राहिला.

"काकू, ही उजवी दाढ डावीकडे लागलीय."

काकूंच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्यांनी दाढ काढली, मेण खरवडलं आणि डॉक्टरला म्हणाल्या, "जा तू पुढे." त्यांना रडू येत होतं आणि ते त्या पोराला दाखवायचं नव्हतं. डोंगर बांधून होईल, रोपवे होईल, मग एक रविवार असा येईल की तो येणार नाही. तो न आल्याचं वाईट वाटलं, असं तरी कुणाला सांगायचं? तो त्यांचा कोण?

शेवटच्या पुरवणीच्या रविवारी तो आला. कुठल्यातरी इमारतीतली बंद लिफ्ट सोडवून आला होता, कोपरापर्यंत काळा. सरळ हात धुवायला गेला. काकू सोफ्यावर बसल्या. हातांना चैन पडेना, म्हणून रिमोट उचलला. आणि मनात भलतंच चाललेलं असताना बोटांनी आपलं काम करून टाकलं. दुकानाचं पान उघडलं, पासवर्ड घातला, बटण दाबलं. मागे टॉवेलला हात पुसत भिडू उभा होता.

पडद्यावर पट्टी भरत चालली होती.

"केव्हापासून येतं?" त्याने विचारलं.

काकूंनी मूग गिळायचा प्रयत्न केला. जमला नाही. "बंदरापासून."

तो सोफ्याच्या काठावर टेकला. "पैसे भरले की ते आपोआप उतरतं खरं तर. तशी सोय आहे. मी ती बंद करून ठेवलीय."

"केव्हापासून?"

"बंदरापासून."

काकू हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला. तो बिचारा टॉवेलची घडी घालत बसला, उलगडत बसला. मग काकू म्हणाल्या, "माझ्याकडे एक आजोबा येतात, खुपतंय म्हणून. काही खुपत नसतं. मला माहीत असतं आणि त्यांनाही माहीत असतं. मी त्यांना घालवत नाही, कारण ते आले की मला बरं वाटतं. तू आलास की मला बरं वाटतं, भिडू. तुला खुपायची काही गरज नाही. तू नुसता येत जा."

त्याने रिमोट घेतला आणि डोंगराला रस्ता काढायला लागला. रस्ता तीन ठिकाणी वाकडा गेला, पण काकूंनी त्या दिवशी भांडण काढलं नाही.

संध्याकाळी तो गेल्यावर काकूंनी गटात लिहिलं, "कंपनीला मी फार बोलले. खेळ एकदम सगळा दिला असता, तर आमचा महिन्याभरात संपला असता. तुकड्यातुकड्यांनी दिलात, त्यात माझं एक माणूस टिकलं. तुमचं भलं होवो." खाली एकाने विचारलं, "काकू, तुम्ही कंपनीत कामाला आहात का?" काकूंनी त्याला मोजक्या शब्दांत उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डोंगर बांधून झाला, रोपवे झाला, काकूंनी शिखरावर दवाखानाही टाकला. आता बांधण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या रविवारी काकू लेकीशी फोनवर बोलत असताना दारात किल्ली फिरली.

"कोण आलंय?" लेकीने विचारलं.

"भिडू."

"नवीन भाग आला का?"

"नाही. आता येणार नाहीत. संपलं ते."

"मग काय बिघडलंय?"

"काही बिघडलेलं नाही," काकू म्हणाल्या. दारात तो बूट काढत होता, आणि ऐकत होता.

लेक मग म्हणाली, "त्याला चहात दूध जास्त लागतं."

"माहितीये," काकू म्हणाल्या, आणि फोन कानाला तसाच धरून चहाचं आधण ठेवायला उठल्या.