नेमसिंगभाऊंचा पास

मी कॉलेजात गेले ती नेमसिंगभाऊंमुळे. १९६२ साली मी मॅट्रिक झाले, तेव्हा बाभुळगावातून रोज यवतमाळला शिकायला जाणारी एकही मुलगी नव्हती. "एकटी पोट्टी मोटारीत कशी धाडू?" असं माझे वडील म्हणत. आईलाही तीच काळजी होती.

नेमके त्या दिवसांत नेमसिंगभाऊ आमचे बैल बघायला आले. गावापलीकडच्या बंजारा तांड्यावरचे हे शेतकरी. डोक्यावर तांबडी पगडी, भरघोस मिशा, घरी बायको आणि दोन लेकरं. बोलता बोलता कॉलेजचा विषय निघाला, तर म्हणाले, "मीबी तिथंच जाऊन राह्यलो, विठ्ठलराव. पह्यल्या वर्षाले."

बाबांना वाटलं, चपराशाची नोकरी लागली असेल.

"नोकरीले नाई, शिकाले."

"या वयात कायले?"

नेमसिंगभाऊ हसले. "आमच्या तांड्यावर शाळाच उशिरा आली. मी नाई उशीर केला."

ते खरंच होतं. शाळा आली तेव्हा ते गुरं राखण्याइतके जाणते झाले होते. तरी लहान लेकरांच्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसले. पुढे शेती करत करत मॅट्रिकला बसले, इंग्रजीत आपटले, पुन्हा बसले, पुन्हा आपटले, आणि शेवटी पास झाले. आता त्यांना हायस्कुलात मास्तर व्हायचं होतं.

बाबांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी मला म्हणाले, "नेमसिंगभाऊ हाय त्या मोटारीत, तर जा."

आम्हा दोघांचेही सवलतीचे पास निघाले. शिकणाऱ्याला तो पास द्यावाच लागे, तसा नियमच होता. नसता, तर मुलीच्या शिक्षणापायी रोज पुरं तिकीट कोणी काढलं असतं? पासावर फोटो लागे. नेमसिंगभाऊंनी यवतमाळात जाऊन काढला होता. पगडी अगदी कडक बांधलेली, आणि डोळे असे वटारलेले की जणू कॅमेऱ्यातून वाघच निघणार आहे.

बस तांड्यावरून आमच्या गावात यायची. मी चढायच्या आत त्यांनी पिशवी ठेवून माझी जागा धरलेली असे. स्वतः मात्र ते मागच्या बाकावर बसत आणि इंग्रजीचं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचत. भाजीवाल्या बायका विचारायच्या, "काय म्हणून राह्यला हा बाप्पा?" ते थांबून त्यांना धड्याचा अर्थ सांगायचे. एका धड्यातला राजा मेला, तेव्हा एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला होता.

कॉलेजात मात्र पोरं त्यांना बघून खिदळत. वर्गात शिरले की मागून कोणीतरी "तांड्याचे नायक आले, उठा!" म्हणून ओरडे. दिवाळीनंतर एक दिवस बघते तर नेमसिंगभाऊ बसमध्ये बोडक्या डोक्यानं बसलेले. पगडी पिशवीत होती. परत जाताना आमचं गाव जवळ आलं की ती पुन्हा डोक्यावर चढे.

"याडीले कळलं तर जेवाले नाई देणार," ते म्हणाले. याडी म्हणजे त्यांची आई, लालीबाई. हसत म्हणाले खरे, पण मला ते हसणं आवडलं नाही.

हिवाळ्यात आमच्या बसवर नवा कंडक्टर आला. तरुण होता आणि नियमाचा पक्का. त्यानं पास बघितला, नेमसिंगभाऊंकडे बघितलं, पुन्हा पास बघितला.

"हा कोणाचा पास हाय?"

"माहाच."

"फोटोत पगडीवाला हाय. अन् तुमी विद्यार्थी? पोराचा, नाई तं भावाचा पास घेऊन बसले असान."

मी उठून म्हटलं, "ते माझ्या वर्गात आहेत." माझा आवाज इतका बारीक निघाला की पुढच्या बाकापर्यंतही गेला नसेल. कंडक्टरनं पास खिशात टाकला आणि घंटी ओढली. पुरं तिकीट काढा, नाहीतर उतरा. आमच्याजवळ तेवढे पैसे नव्हते. नेमसिंगभाऊ पिशवी घेऊन उतरले.

आणि मीही उतरले. विचार असा केलाच नाही. ते ज्या मोटारीत आहेत त्या मोटारीत जा, एवढंच बाबांनी सांगितलं होतं.

"अवो बाई, तू काहून उतरली?" ते घाबरून म्हणाले. पण बस निघून गेली होती.

आम्ही यवतमाळच्या दिशेनं चालू लागलो. दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया वाकलेल्या, त्या उभ्या राहून आमच्याकडे बघत. नेमसिंगभाऊ माझ्यापासून चांगलं अंतर राखून पुढे चालले होते आणि मला भीती वाटू नये म्हणून मोठ्यानं बोलत होते. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचा. "त्याले कोणी पास नाई मांगला," म्हणाले.

शहरात पोचून आम्ही थेट बसच्या ऑफिसात गेलो. कंडक्टरनं पास तिथं जमा केला होता. चष्मा लावलेल्या साहेबांनी फोटो बघून मान हलवली. "चेहरा जुळत नाही हो."

नेमसिंगभाऊंनी पिशवीतून पगडी काढली. तिचा पेच सुटून गेला होता. त्यांनी एक टोक दातांत धरलं आणि खिडकीसमोर, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत, शांतपणे ती बांधायला घेतली. वेढ्यावर वेढा चढत गेला. हमाल ओझी ठेवून बघू लागले. शेवटचं टोक खोचून त्यांनी साहेबांकडे बघितलं, डोळे अगदी फोटोतल्यासारखे वटारून.

साहेब खो खो हसले. "घ्या हो, घ्या तुमचा पास!"

त्यानंतर पगडी उतरली नाही. पोरं दोनचार दिवस हसली आणि कंटाळली.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती की विठ्ठलरावांची पोरगी भर रस्त्यात लमाणासोबत उतरली. बाबा ओट्यावर उभे होते. नेमसिंगभाऊही आमच्या गावात उतरले आणि माझ्याबरोबर घरापर्यंत आले. घडलं ते सगळं त्यांनीच सांगितलं. शेवटी म्हणाले, "पोरगी माह्यासाठी उतरली, विठ्ठलराव. रागवाचं असन तं मले रागवा."

बाबा आत बघून आईला म्हणाले, "वच्छला, दोन ताटं वाढ." दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी बसमध्ये होते.

माझं लग्न ठरलं तेव्हा बी.ए.चं शेवटचं वर्ष बाकी होतं. सासर कळंबचं. शिक्षण सुटणार हे मी मनाशी मान्य केलं होतं. लग्नात नेमसिंगभाऊ बायकोला, बिजलीबाईंना, घेऊन आले. बाबांनी "हा आमच्या विमलचा वर्गमित्र" अशी ओळख करून दिली, तेव्हा वऱ्हाडी मंडळी त्यांच्या मिशांकडे बघत राहिली.

जेवणं झाल्यावर ते माझ्या सासऱ्यांजवळ जाऊन बसले. "मामाजी, कळंबातूनबी यवतमाळले बस जाते."

"जाते ना."

"मंग सूनबाईचा पास काढून द्या. एकच वर्ष राह्यलं तिचं. कोणाचे उपकार नाई, शिकणाऱ्याले द्यावाच लागते, नियम हाय."

सासरे विडा चघळत राहिले. "एकटी कशी जाईन?"

"एकटी कायची? बस भरून माणसं असते," नेमसिंगभाऊ म्हणाले. "अन् तुमची सून भर रस्त्यात उतरणारी हाय. तिची काळजी नका करू."

सासऱ्यांना हे शेवटचं काही कळलं नाही. पण जूनमध्ये त्यांनी स्वतः मला फोटो काढायला नेलं. नेमसिंगभाऊ पुढे ढाणकीकडे हायस्कुलात मास्तर झाले. तांड्यावरची पोरं पहिल्या दिवशी बुजली, की ते त्यांच्याशी आधी तांड्याच्या गोरबोलीत बोलायचे आणि मग मराठीत, असं बिजलीबाईंनी मला एकदा सांगितलं. सांगताना त्या इतक्या खुशीत होत्या की चहा थंड होऊन गेला.