फाटकवाली सोलांज

आमच्या गावची रेल्वे बंद झाली, रूळ उखडले, पण फाटकवाली सोलांज फाटकाशेजारच्या घरातून काही हलली नाही. रुळांच्या जागी सायकलींची वाट झाली. मोटारींना तिथे मज्जाव. तंबू-पथाऱ्या लादलेले सायकलवाले लांबून दिसले, की ही बया जुना लाल झेंडा घेऊन बाहेर यायची आणि वाट ओलांडणारा माझा ट्रॅक्टर अडवायची.

"थांब, गाडी येतेय!"

"अगं, कसली गाडी? आभाळ आलंय, गवत भिजेल माझं!"

"भिजू दे, फिर्मां. तुझ्या बापालाही इथंच थांबवलंय मी."

एकदा माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "जन्मभर लोकांना वाट करून दिलीस. स्वतः गेलीस का कधी या वाटेनं पुढच्या गावाला?"

तिनं झेंडा गुंडाळला आणि ती आत गेली. गाडीच्या वेळेला फाटक सोडून ती गाडीत बसणार तरी कशी होती? माझीच जीभ मला टोचत राहिली.

पुढच्या वसंतात तिनं भाचीची तीनचाकी सायकल मागवली. सत्तरी उलटलेली बाई कोंबड्यांना पळवत अंगणात शिकली.

एका रविवारी मी फाटकाशी आलो, तर झेंडा दाराबाहेरच्या खुंटीला आणि दाराला कडी. तेवढ्यात वाटेवर लांबून सोलांज दिसली. हँडलच्या टोपलीत पुढच्या गावच्या बेकरीतला लांबलचक पाव. माझ्यामागे मेयरसाहेबांच्या मोटारीनं हॉर्नचा धोशा लावला.

मी खाली उतरलो, खुंटीवरचा झेंडा काढला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

"थांबा, साहेब. गाडी येतेय."