काट्यावरचं वैर

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत गंगारामशेटच्या कारखान्यात मालनने पाऊल ठेवलं आणि पहिल्याच दिवशी तिला वैरी भेटला. महिपत. प्रयोगशाळांच्या नाजूक तराजूंच्या दांड्या घासण्यात त्याची हयात गेली होती. आणि ठाण्याची नोकरी सोडून आलेली ही इंजिनीअर बाई दांडीचा तराजूच मोडीत काढायला निघाली होती.

ती विजेवर चालणारा काटा बनवत होती. त्याचं पारडं केसभर जरी खाली गेलं, तरी ते प्रकाशाच्या झोताला कळायचं. मग चुंबकातल्या तारेच्या गुंडाळीत वीज सुटायची आणि पारडं आपोआप जागेवर यायचं. किती वीज लागली त्यावरून वजन. पण वीज उतावळी सुटली की पारडं वर उसळायचं, मग खाली, पुन्हा वर. आकडे नाचत राहायचे.

"बाई, तुमच्या काट्याक हीव भरलाय," महिपत सगळ्यांदेखत म्हणाला.

तेवढ्यावर तो थांबला नाही. मालन काट्यावर वाकली रे वाकली की लोखंडी दार धाडकन आपटायचं. तिने शेटकडे गाऱ्हाणं नेलं. "दार जुनं आहे," शेट म्हणाला, आणि पेपरात तोंड घातलं.

मालन धुमसत जागेवर आली. आणि मग तिच्या डोक्यात आलं, गिऱ्हाइकाकडे काय दारं नसतील? तिने काट्याला कागदावर रेघ ओढणारं यंत्र जोडलं. महिपत दार आपटी, रेघ थरथरे, ती सर्किट बदली. खरं वजन आलं तर चटकन धावायचं, नुसता धक्का असेल तर दम धरायचा, हे तिला यंत्राला शिकवायचं होतं. थरथर कमी होत चालली.

महिपतने एकदा त्या रेघा पाहिल्या आणि आपल्या आपटण्यानेच तिचं काम सुधारतंय हे ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून तो दार असं लोटू लागला, जणू आत तान्हं मूल झोपलंय. मालनने स्वतः दार आपटून पाहिलं. तिच्या हाताला तो जोर नव्हता.

ती सरळ त्याच्या टेबलाशी गेली. "ही दांडी भंगारात टाका, महिपत. पुढच्या वर्षी हिला कुत्रं विचारणार नाही."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो उठला, आणि बाहेर जाताना त्याने दार असं हाणलं की छपराचे पत्रे वाजले. मालनने कागद पाहिला. रेघ एकदाच हलली आणि सरळ झाली. तिला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

काटा विकला जाऊ लागल्यावर शेटने दांड्यांचं काम बंद केलं आणि महिपतला खोकी ठोकायला सांगितलं.

"माजा राग वापरलास तू," तो मालनला म्हणाला.

"तुम्ही दिलात, मी घेतला."

त्याच दिवशी त्याने काम सोडलं. पुढे हातखंब्याला दुकानदारांचे तराजू दुरुस्त करू लागला. एस्टी स्टँडवर ती कधी दिसली, तर तो तोंड फिरवून थुंकत असे. मालनही कधी बाजूला झाली नाही.