‘गरीब’ या शब्दाचे इंग्रजी

“जेंटल खोड. डोसाइल लिही.”

देशमुख झोपाळ्यावरून सांगत होते, मी पायरीवर बसून लिहीत होतो. माझ्याच वर्तणुकीचा दाखला, माझ्याच अक्षरात. सही तेवढी त्यांची. परंड्याजवळचे आमचे गाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. तिकडे बार्शीला, इंग्रजी मुलखात, एक वकील मला कारकून म्हणून घेणार होते. अट एकच: गावातल्या प्रतिष्ठित गृहस्थाचा इंग्रजी दाखला.

मी म्हणालो, “दोन्हींचा अर्थ जवळपास एकच आहे, मालक.”

“न्हाय. जेंटल माणूस असतो. आपला ढवळ्या बैल कसा हाय? लई गरीब. मारत न्हाय, वेसण धरली की चालतो. त्याला डोसाइल म्हणत्यात. हैदराबादला शिकलोय मी.”

ओसरीवरची माणसे हसली. खाली अंगणात माझे वडील हात जोडून उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते. ‘गरीब’ तेवढे कळले. तेही हसले.

“व्हय मालक. लई गरीब हाय पोरगं.”

वडिलांना ते हसू हसायला ज्यांनी लावले, त्यांना मी आजही माफ केलेले नाही.

मी टाक दौतीशेजारी ठेवला. “सही करू नका. हा दाखला मला नको.”

“मग बार्शीत तुला कोण उभं करंल?”

मी पायरी उतरून चालू लागलो. वडील वेशीपर्यंत मागे धावत आले. “आरं, एक शब्द तर हुता.”

एकच होता. तो घेऊन बार्शीला गेलो असतो, तर मरेपर्यंत तोच राहिलो असतो.

बार्शीच्या वकिलांना मी घडले तसे सांगितले. त्यांनी शब्दकोश उघडला, दोन्ही शब्द वाचले. म्हणाले, “उद्यापासून या.”

या. मला.

निजामाचे राज्य गेले. मी वकिलीची सनद घेतली. कुळकायदा आला, तेव्हा देशमुखांच्या एकेका कुळाला जमिनीचा दावा लावायला मी स्वतः पत्र लिहून बोलावले. आता त्यांचे चिरंजीव न्यायालयाला कळवतात की, मी व्हिंडिक्टिव, म्हणजे सूडबुद्धीचा आहे. स्नेही सुचवतात, त्यापेक्षा ‘फर्म’ म्हणवून घ्या, शोभेल. मला पहिला शब्द मान्य आहे. तसे मी लेखी दिले आहे.

तडजोडीचे निरोप येतात. त्यांनाही लेखी नकार जातो. वृद्ध देशमुखांना साक्षीचे समन्स बजावले आहे. प्रकृती बरी नाही, जबाब घरीच घ्यावा, असा त्यांचा अर्ज आहे. त्याला माझी हरकत आहे. त्यांनी न्यायालयात यावे. पिंजऱ्यात उभे राहावे. बसायला खुर्ची मागितली, तर मी आक्षेप घेईन.