हलू नका अण्णा

अख्ख्या सोलापूरला ‘हलू नका’ म्हणून दटावणारा हा माणूस स्वतः मात्र कपभर चहा संपेपर्यंत एका जागी बसू शकत नसे. बशीत चहा ओतायचा, उभ्याउभ्या एक घोट घ्यायचा, खिडकीशी जायचं, रस्त्यावर कोण भांडतंय ते बघायचं, परत यायचं आणि “कुणी पिला गं माझा चहा?” म्हणून माझ्यावरच डाफरायचं. चहा खिडकीत निवत पडलेला असायचा. मी तो आणून हातात द्यायची. मग त्यांना चप्पल सापडायची नाही.

नव्या पेठेत अण्णांचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथे रिटचिंगला होते. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून देवीचे व्रण बुजवायचे, काळ्यापांढऱ्या फोटोतल्या ओठांना रंग भरायचा, हे माझं काम. सत्तरच्या दशकात सोलापुरात ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या पुष्कळ नवऱ्यामुलींचे गाल माझ्या हातचे आहेत.

अण्णांना ‘हलू नका’ चार भाषांत येत होतं. त्याशिवाय सोलापुरात धंदा कसा व्हायचा? मराठी गिऱ्हाईक आलं की ‘हलू नका’, कानडी आलं की ‘अल्लाडब्याड्री’, पूर्व भागातली विणकर मंडळी आली की तेलुगूत ‘कदलकंडी’, आणि कुणी खाँसाहेब शेरवानी घालून बसले की ‘हिलो नक्को’. चारी भाषांत आवाज एकच, मास्तरचा. माणसं श्वास धरून बसायची. एकदा एक पैलवान इतका वेळ श्वास धरून बसला की फोटो झाल्यावर त्याला पाणी द्यावं लागलं. पोरंटोरं तर अण्णा रस्त्यात दिसले तरी खेळ सोडून ताठ उभी राहायची. गावाने नावच पाडलं, हलू नका अण्णा. अण्णांना त्याचा अभिमान होता. निदान एका फोटोपर्यंत तरी होता.

आमच्या गल्लीत एक लिंगायत आजी वारल्या. त्यांच्यात माणूस गेलं की त्याला बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात, आणि माती देण्याआधी सगळं घर त्याच्याभोवती बसून फोटो काढून घेतं. अण्णाही त्याच समाजातले, असे फोटो त्यांनी खूप काढले होते. शेजारधर्म म्हणून मी तिथे होतेच. अण्णा आले, कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं, काळ्या कापडात डोकं घातलं, बाहेर आले, लेन्सच्या टोपणावर हात ठेवला, आणि मधोमध बसवलेल्या आजीकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाले, “अव्वा, अल्लाडब्याड्री!”

एक सून पदरात तोंड खुपसून हसली की रडली, कळलं नाही. मग थोरला लेक हळूच म्हणाला, “अण्णा, आई आता कुटं हलतीय ओ.”

अण्णांनी कसाबसा फोटो घेतला. आम्ही स्टुडिओत आल्यावर त्यांनी पडदा ओढला, दिवा लावला, विझवला, परत लावला.

“सुमे, मी त्या म्हातारीकडं बघितलंच न्हवतं गं.”

“चुकून तोंडून गेलं अण्णा. सवयीनं.”

“तेच की. कॅमेऱ्याच्या काचेवर माणसं उलटी दिसत्यात, ती मी सुलटी करून देतो. मधल्या मधी मी बघतो कवा? कुणाकडंच बघितलं न्हाई. नुसतं गप केलं सगळ्यांना.”

त्या दिवसापासून त्यांची चुळबुळ बघवेना. आधीची चुळबुळ हौसेची होती, ही वेगळी होती. गिऱ्हाईक बसलं की हे उठून बाहेर जायचे. गिऱ्हाईक ताटकळून निघून जायचं. गिरणीचा भोंगा झाला की कुणी बोलावल्यासारखे दचकून उभे राहायचे. आणि एके सकाळी त्यांनी जाहीर केलं, मोठा कॅमेरा विकायचा, स्टुडिओला टाळं लावायचं आणि दुधनीला मेव्हण्याच्या भुसार दुकानात जाऊन गादीवर बसायचं.

त्यांची बायको, आमची अक्का, भाकरी थापता थापता थांबली. “बसणार? तुम्ही?”

“व्हय, बसणार.”

“माझ्या भावाचं दुकान हाय ते. तुमचं काय वाकडं केलंय त्यानं?”

आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. मला तेव्हा भीती वाटली. माझी नोकरी जाईल ही होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की हा माणूस दुधनीला धान्याच्या पोत्यांत बसून आतल्या आत कुढून संपेल. माळशिरसचा एक फोटोग्राफर शनिवारी कॅमेरा न्यायला यायचा ठरला.

शनिवारी अण्णांनी सकाळपासून जिना इतक्या वेळा वरखाली केला की खालच्या शिंप्याने विचारलं, काय हरवलंय का. मोठा कॅमेरा पुसून बांधून ठेवला होता. हाताला काम नाही. म्हणून कपाटावरची धूळ पुसायला घेतली, तर त्यांचा पहिला डबा कॅमेरा सापडला, पोरवयात वडिलांनी आणलेला. “चालतोय का बघू,” म्हणत त्यात रोल भरला आणि गच्चीवर गेले. मीही मागोमाग गेले. मला त्यांना एकटं सोडवत नव्हतं.

पलीकडच्या गच्चीवर शेजारच्या तेलुगू विणकरांची नरसम्मा आणि तिची जाऊ मागावरून उतरलेली नवी चादर दोन टोकांना धरून झटकत होत्या. फट्, फट्! चादर मधे फुगायची आणि दोघींचे हात वर जायचे. अण्णांनी कॅमेरा पोटाशी धरला. तेवढ्यात नरसम्माने त्यांना पाहिलं, आणि दोघी जणी चादर धरून खांबासारख्या उभ्या राहिल्या. श्वाससुद्धा घेईनात.

“अहो, हला की!” अण्णा ओरडले. त्या आणखीच ताठ झाल्या. अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. चार भाषांत ‘हलू नका’ पाठ असलेल्या माणसाला तेलुगूत ‘हला’ म्हणायला येत नव्हतं! कधी गरजच पडली नव्हती.

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. कॅमेरा माझ्या हातात कोंबला, धोतराचा सोगा खोचला, मधला बुटका कठडा ओलांडून पलीकडे गेले, जावेच्या हातून चादरीचं टोक घेतलं आणि चादर फटकन झटकली. नरसम्माला हसू फुटलं. दोघी हसायला लागल्या त्या थांबेचनात. “सुमे, आण तो!” म्हणून त्यांनी कॅमेरा मागून घेतला, आणि त्या परत चादर झटकू लागल्या तसे हे त्यांच्याभोवती नाचत नाचत फोटो घेत राहिले.

खाली आले ते थेट डार्करूममध्ये. माळशिरसचे पाहुणे येऊन बसले. मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, “उघडू नको! आत माणसं हायत!” बऱ्याच वेळाने ओला फोटो चिमटीत धरून अण्णा बाहेर आले. चादरीचा नुसता पांढरा फुगारा, हातांच्या जागी रेघा, आणि त्या सगळ्यात नरसम्माचे हसरे दात.

पाहुण्यांनी मान तिरकी केली. “हललाय की ओ अण्णा. वाया गेला.”

“हललाय न्हाई, हलतोय!” अण्णांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. “बघ सुमे, ती अजून हसलालीय.”

पाहुण्यांना चहा पाजून, कॅमेरा न देताच परत पाठवलं. त्या दिवशी अण्णांनी आपला चहा बसून, संपेपर्यंत प्यायला. मी मुद्दाम बघत होते.

पुढे सकाळी स्टुडिओ आणि दुपारनंतर डबा कॅमेरा घेऊन गावभर भटकणं, असं ठरून गेलं. पाळी सुटल्यावर सायकलींवरून निघालेले गिरणीकामगार, अंग झाडणारी ओली म्हैस, तलावावर सूर मारणारी पोरं. नरसम्माकडून त्यांनी ‘कदलंडी’ शिकून घेतलं, म्हणजे ‘हला’. स्टुडिओतही मोहरून कधीमधी तेच ओरडायचे. एका मुलीचा स्थळांना दाखवायचा फोटो हसताना काढला म्हणून तिचा बाप तणतणत आला. तो पुढे चालू लागल्यावर मुलगी मागे राहिली आणि हळूच म्हणाली, “माझ्यासाठी एक ठेवा.” मी तो फोटो रंगवला. गालांना रंग लावायची गरज पडली नाही.

अण्णा गेले तेही असेच, लगबगीत, जिना उतरता उतरता.

त्यांनाही रीतीप्रमाणे बसवलं. विभूती, हार. शेजारच्या पेठेतला फोटोग्राफर आला. माजघरात उजेड कमी म्हणून तो म्हणाला, टोपण जरा जास्त वेळ उघडं ठेवावं लागेल. आम्ही अण्णांच्या भोवती बसलो. मी अक्काला धरलं होतं. तो म्हणाला, “हलू नका.”

अक्काने मान वळवून अण्णांकडे बघितलं. “जन्मभर कुणाचं ऐकलं न्हाई,” ती म्हणाली, “आज बरं ऐकलालाव.” आणि आम्ही सगळे एकदम फुटलो. कोण हसत होतं आणि कोण रडत होतं, देव जाणे. टोपण उघडंच होतं.

आठवड्याने तो फोटोग्राफर ओशाळा होऊन फोटो घेऊन आला. “सुमनताई, तुम्ही रिटचिंगच्या. जमतंय का काही बघा.” मी पेन्सिल काढलीसुद्धा होती. अक्काने ती माझ्या हातातून काढून घेतली.

तो फोटो अजून त्या घरात भिंतीवर आहे. आम्ही सगळे हललोय. एकटे अण्णा तेवढे हललेले नाहीत.