डाव्या हातची भिंत

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही भिंत नुसती भिंत म्हणून मान्य केलेली नाही. त्यांच्या मते प्रत्येक भिंतीमागे एक खोली असते, ती खोली आपल्याला दाखवायची नाही असं कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि चिकाटीने दाबत गेलं की ती उघडते. पारोळ्याच्या किल्ल्यात (आमच्या दोघांचीही सासुरवाडी पारोळ्याची) एका दिवाळीत आम्ही फिरायला गेलो, तर हे गृहस्थ तटाचा एकेक दगड तळव्याने दाबत निघालेले. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय हरपलं, भाऊ?" साडू आपल्या अहिराणीत म्हणाले, "आजून हरपेल नही. सापडाले आठे उनू." आमच्या जळगावच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गुरुजी मंत्र म्हणत होते आणि साडू बेडरूमच्या भिंतीवर टकटक करत होते. एका ठिकाणी पोकळ आवाज आला. तिथे बिल्डरने वायरिंगची नळी टाकून वरून नुसतं प्लास्टर फासलेलं निघालं. तेव्हापासून आमच्याकडे त्यांच्या टकटकीला कोणी हसत नाही.

हा नाद कुठून लागला ते मला माहीत आहे, कारण तो लागला तेव्हा शेजारच्या खुर्चीवर मीच बसलो होतो. साडूंचं धुळ्याला मोटार रिवायंडिंगचं दुकान. शेतातले जळालेले पंप तिथे येतात, जळकी कॉइल उपटून त्याच जुन्या लोखंडी कोरमध्ये नवी तांब्याची तार भरली जाते आणि पंप परत विहिरीवर जातो. त्या दुकानात बिलं छापण्यासाठी म्हणून त्यांनी फार पूर्वी एक कॉम्प्युटर घेतला. त्यावर बिल एकही छापलं गेलं नाही. कुणीतरी फ्लॉपीवरून एक बंदुकीचा गेम टाकून दिला होता. पडद्यावर खाली आपली बंदूक दिसते, समोर बोळ, बोळातून राक्षस येतात. आणि काही भिंती दाबल्या की सरकतात, आत औषधाची पेटी नाहीतर मोठी बंदूक ठेवलेली असते! एवढं कळल्यावर साडू राक्षसांना विसरले. कीबोर्ड एक आणि माणसं दोन, म्हणून वाटणी ठरली : चालणं त्यांचं, गोळी माझी. ते भिंतीला अंग घासत पुढे सरकायचे, दर हातभर अंतरावर एकदा दाबायचे, आणि पाठीमागून कोणी आलं तर ते माझं काम. चालणं त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. एकदा मी बाणांच्या बटणांवर नुसतं बोट ठेवलं तर म्हणाले, "साडू भो, बायको माहेरी धाडसू, पन चालणं देवाऊ नही." दुकानामागच्या घरात अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या मोठ्या मेहुणीने, भांडं जरा जोरात ठेवलं.

खेळताना त्यांना बघणं हा वेगळाच गेम होता. बसण्याआधी चपला काढायच्या. कोपऱ्यावरून डोकवायचं असलं की खुर्चीसकट कलायचे, एकदा तर कलंडून वार्निशच्या डब्यावर पडले आणि पडल्यापडल्याच ओरडले, "गोळी मार, गोळी मार!" राक्षसांना त्यांनी नातेवाइकांची नावं दिली होती. आग फेकणारा तो आमच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ. मेल्यावर त्याला हळूच म्हणायचे, "माफ कर, काका."

आता हेच जुने गेम नव्या रूपात येतात. पाण्यात दिवे चमकतात, राक्षसाच्या कातडीवरच्या सुरकुत्या मोजता येतात. जग त्याचं कौतुक करतं. आमचे साडू ते रिवायंडिंगवाल्याच्या नजरेने तपासतात. गेम सुरू झाला की पडद्याकडे बघत नाहीत, मान वाकडी करून आधी ऐकतात, जसा पंप ऐकावा. मग निकाल देतात. "कोर जुना शे, तार नवी. चाली." किंवा, "बाहेरथून रंग मारेल शे नुसता, मजार जळेल कॉइल." एका नव्या गेममध्ये गुपित भिंतीवर आपोआप बारीक उजेड पडायचा, खेळणाऱ्याला सोपं जावं म्हणून. साडू इतके दुखावले की त्यांनी त्या दिवशी चहासुद्धा अर्धा ठेवला. "दाखाडीच दिधं तर गुपित कसानं?" एवढंच म्हणाले.

मी बोलणारा माणूस नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर "हे स्पष्ट की हे?" एवढंच विचारतो आणि तेवढं मला पुरतं. पण एक गोष्ट छातीवर बसून आहे, ती आज लिहून टाकतो.

मागच्या वर्षी माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय लवकर सावरला, हात नाही सावरला. चष्मेवाल्याचा डावा हात म्हणजे काय, ते इतरांना कळायचं नाही. फ्रेम डाव्या हाताच्या बोटांत धरायची असते, तेव्हा कुठे उजव्या हाताने तिळाएवढा स्क्रू बसतो. फ्रेम धरता येत नाही म्हटल्यावर दुकान बंद झालं. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. मी तो उशीजवळ ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायचो. बायको चेंडू हातात द्यायची, मी सोडून द्यायचो. पडलेला चेंडू घरंगळत पलंगाखाली गेला तो तिथेच राहिला.

अशा एका रविवारी साडू आले. मांडीवर चादरीत गुंडाळलेला नव्या कॉम्प्युटरचा डबा, एसटीने, धुळ्याहून. कंडक्टरने लांबून विचारलं म्हणे, "बाळाचं वय काय?" हे म्हणाले, "बाळ नही भो, कॉम्प्युटर शे." कंडक्टर म्हणाला, मग लगेजचं तिकीट लागेल. त्यावर साडूंनी चादर नीट करून ठोकून दिलं, "मंग बाळच शे." आल्याआल्या त्यांनी आमच्या टीव्हीला वायरी जोडल्या, मला उठवून बसवलं, माझा डावा हात उचलून कीबोर्डवर ठेवला, आणि उजव्या हाताशी माउस घेऊन स्वतः बसले. म्हणाले, "आते चालणं तुनं. गोळी मनी."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ज्या माणसाने चालण्यावरून बायको पणाला लावली होती, त्याने चालणं मला दिलं. मी त्यांना नाना म्हणतो. म्हटलं, "नाना, बोटं हलत नाहीत." ते म्हणाले, "मंग राक्षस खाई टाकतीन आपलाले. मना काय जास?" आणि पडद्यावर समोरून आग फेकणारे काका आले. पहिल्या दिवशी आम्ही इतक्या वेळा मेलो की मला लाज वाटायला लागली, आणि लाजेने का होईना, एक बोट दबलं. त्यानंतर दर रविवारी तोच कार्यक्रम. "डावी भिंत धर, भो. घसत घसत चाल." भिंत घासायची म्हणजे डाव्या हाताचं एक बोट दाबून धरायचं, दुसऱ्याने पुढे सरकायचं, तिसऱ्याने भिंत दाबायची. चेंडूने जे केलं नसतं ते त्या भिंतींनी केलं. मधे बायको शेवभाजी घेऊन यायची, ते पडद्यावरून नजर न काढता खायचे, आणि संध्याकाळी बाळ चादरीत गुंडाळून परत धुळ्याला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एके रविवारी पाठीमागून काहीतरी धावून आलं आणि मला कळायच्या आत माझी बोटं बाजूला उडी मारून आम्हा दोघांना वाचवून बसली. साडूंनी माझ्या हाताकडे पाहिलं. "हं," म्हणाले, आणि गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर उघडलं. डाव्या हातात फ्रेम धरली, स्क्रू बसवला, आणि बाकावर बसून राहिलो, डोळे पुसत, चष्मे पुसायच्या फडक्याने.

आणि इथेच मी ती गोष्ट केली. शुक्रवारी साडूंचा नेहमीचा फोन आला, "हात कसा शे?" मी म्हणालो, "अजून जडच आहेत बोटं." हात बरा झाला म्हटलं असतं तर त्यांचं येणं थांबलं असतं. उन्हाळ्यात पंप जळतात, दुकानापुढे शेतकऱ्यांची रीघ असते, आणि हा माणूस रविवारी दुकान बंद ठेवून उन्हातून एसटीने येत होता. मला ते माहीत होतं. तरी दर शुक्रवारी मी तेच उत्तर द्यायचो, आणि रविवारी मुद्दाम अडखळत चालायचो. आमच्या दुकानात नंबर वाढवून सांगणारी माणसं येतात, मी त्यांना लगेच पकडतो. स्वतःला पकडायला मला पूर्ण उन्हाळा लागला.

मागच्या रविवारी राहवलं नाही. आम्ही त्या जुन्या गेमच्या नव्या अवतारात एका लांब बोळाच्या टोकाला पोचलो होतो. जुन्या गेममध्ये तिथल्या भिंतीमागे खोली होती, ती साडूंनी स्वतः शोधलेली पहिली खोली. मी बोटं उचलली आणि म्हटलं, "नाना, माझा हात बरा झालाय. केव्हाच."

"माले ठाउक शे."

"कधीपासून?"

"दुकान उघाडं ना तू? त्याच दिन तुना घरथून फोन उना."

मी बायकोकडे पाहिलं. ती भांडी उचलून आत गेली. दोन बहिणी रोज दुपारी फोनवर बोलतात, भाजीत मीठ किती पडलं इथपासून सगळं, आणि मी समजत होतो की माझं गुपित भिंतीआड सुरक्षित आहे.

"मग उन्हातान्हाचं येता कशाला?"

"चालनारा पाहिजे ना, भो," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "येकला मानूस भिंत घसस का? आते बोलू नको. दाब."

मी दाबली. भिंत उघडली नाही. नवा गेम करणाऱ्यांनी ती खोली ठेवलीच नव्हती. साडू माउस जरा वळवून म्हणाले, "पुढली."

आभार मानायची आमच्यात रीत नाही, आणि मानायला गेलो असतो तर त्यांनी टीव्ही बंद केला असता. पंपावरच्या कंपनीच्या पट्टीपलीकडे ते काही वाचत नाहीत, त्यामुळे हे लिहिलेलंही वाचणार नाहीत. पण बायको वाचेल, आणि दुपारी फोनवर बहिणीला वाचून दाखवील. संध्याकाळपर्यंत धुळ्याला पोचलेलं असेल. रविवारी ते येतील, बाळाची चादर सोडतील, चपला काढतील, आणि यातलं एक अक्षरही काढणार नाहीत. मीही काढणार नाही. डाव्या हातची भिंत धरीन आणि चालू लागेन.